आदिम चिंबोरीचे शेवटचे दोन पाय

२ जुलै

नवी वही. जुनीला बुरशी आली. बरंच झालं, तिच्यात गेल्या वर्षीचे संकल्प होते.

या वहीत फक्त शास्त्रीय नोंदी करायच्या. राग लिहायचा नाही. राग हा माझा स्वभाव नाहीच, लोक आणतात.

नोंद: आज स्टाफरूममध्ये प्राचार्यांनी सगळ्यांच्या देखत विचारलं, रोहिदास सर, संशोधनाचं कुठवर आलं? दर जुलैला हेच विचारतात, छत्री दुरुस्त करून आणली का विचारावं तसं. पुढच्या वर्षी आमच्या कॉलेजला सीनियर विभाग सुरू होतोय. जीवशास्त्राची जागा एकच. ज्याच्या नावावर निदान एक शोधनिबंध असेल त्याला ती मिळणार. दिवाळीपर्यंत मुदत. नाहीतर बाहेरचा कोणी येणार, आणि मी रिटायर होईपर्यंत अकरावीला कांद्याच्या पापुद्र्यातली पेशी दाखवणार.

एकवीस वर्षं दाखवतोय. जव्हारच्या बाजारात कांदा घेताना मला कसंतरी होतं.

३ जुलै, सायंकाळी सात

अक्षर वाकडं येतंय. रागाने नाही.

प्रमिला मोखाड्याच्या कचेरीतून परत येताना स्टँडजवळच्या धोंडीबाईकडून आठ चिंबोऱ्या घेऊन आली. सतरा वर्षांच्या संसारात या बाईने मला न विचारता केलेली ही पहिली उपयोगाची गोष्ट. मी चहा करायला ओट्याशी गेलो, तर परातीत आठही जणी सुस्त पडलेल्या आणि प्रत्येकीचे शेवटचे दोन पाय उलटे वळून पाठीवर. ताठ! हलवले तरी पुन्हा पाठीवरच.

पाठीवर पाय कोणाचे असतात? आदिम खेकड्यांचे. हे मी वाचलेलं आहे. खेकड्यांच्या वंशावळीत सगळ्यांत खालच्या फांदीवर जी अठरा कोटी वर्षांची जुनाट मंडळी बसतात, ती या शेवटच्या पायांनी स्पंज किंवा शिंपला पाठीवर धरून त्याखाली लपतात. पण ती सगळी समुद्रात. गोड्या पाण्यात आदिम खेकडा जगात कुठेही नाही. म्हणजे आज दुपारपर्यंत नव्हता.

प्रमिला ओरडली, मसाला वाटून झालाय. मी म्हटलं, तू अठरा कोटी वर्षं रश्श्यात घालायला निघालीस! ओट्यावर वाखाच्या दोरीचे तुकडे पसरलेले होते, ते आधी केरात टाकले. विचारलं, हा कचरा कुठला? म्हणाली, त्यांचाच, मी आत्ताच कापला. काय बोलते ते तिचं तिला तरी कळतं का! शास्त्रीय कामाला स्वच्छ जागा लागते.

सहा नमुने लॅबच्या बरणीत, फॉर्मॅलिनमध्ये. दोन भांडणात गेल्या. (चव नेहमीसारखी. आदिम असण्याचा चवीशी संबंध नसावा.)

धोंडीबाईने वर एक फुकट घातली होती. लहानशी, चपटी, राखाडी, पाय जागच्या जागी. अगदीच सामान्य. मागच्या गटारात सोडली.

४ जुलै

धनेशला कळवायचं नाही.

धनेश आता पुण्याच्या एका संस्थेत खेकड्यांचा मोठा तज्ज्ञ आहे. एमएस्सीला प्राणिशास्त्राची शेवटची जागा एका मार्काने त्याला मिळाली, मला वनस्पतिशास्त्र. एका मार्काने! तो मार्क झिंग्याच्या आकृतीचा होता आणि माझी आकृती जास्त चांगली होती. मी शेवाळं शिकलो. तो खेकड्यांवर जगभर फिरतो.

राग नाही. फक्त नोंद.

५ जुलै

धोंडीबाईची मुलाखत घेतली. दाभोशाच्या अलीकडच्या पाड्यावरची बाई, प्लास्टिकची खोळ पांघरून टोपलीशी बसते. मला गुरुजी म्हणते. मी प्राथमिकचा नाही, प्राध्यापक आहे हे दोनदा सांगितलं. म्हणाली, हां गुरुजी.

मुद्दा महत्त्वाचा होता. आदिम खेकड्यांची दुसरी खूण मादीत असते. तिचं अंडी बाहेर पडायचं भोक पायाच्या मुळाशी असतं. सुधारलेल्या खेकड्यांत ते सरकून छातीच्या पट्टीवर आलंय. सगळी वंशावळ त्या भोकावरून लागते. म्हणून नमुने नर आहेत की मादी हे पक्कं हवं, आणि शास्त्रात जाणकार स्थानिकाची साक्ष धरतात.

विचारलं, परवा दिलेत ते खेकडे होते की चिंबोऱ्या? म्हणाली, चिंबोऱ्या. नक्की? खेकडा नाही? म्हणाली, नाय गुरुजी, चिंबोरीच आहं, दुसरा काय आसंल? तीन वेळा विचारलं, तिन्ही वेळा चिंबोरी. म्हणजे मादी. सहाच्या सहा. लिहून अंगठ्यासाठी कागद पुढे केला. तिने सही केली. सही येते म्हणे.

मग ती त्या फुकटच्या लहान खेकडीबद्दल सांगत बसली. ती येगली, ती धुरकी. दगडाखाली बसते, हात लावला का पान्यात धूर केल्यावानी चिखल उडवते. कोनी विकत घेत नाय म्हनून वर टाकते. मी वहीत उतरवलं नाही. टोपलीवाल्या बाईने ठेवलेल्या नावांवर वर्गीकरण चालायला लागलं तर विद्यापीठं बंद करावी लागतील.

६ जुलै

भिंग घेऊन तीन तास. सापडलं!

भोक पायाच्याच मुळाशी आहे. पुस्तकात तिसऱ्या जोडीच्या मुळाशी म्हटलंय, माझ्या नमुन्यांत शेवटच्या जोडीच्या. म्हणजे माझी त्यांच्याहूनही आदिम.

पोटाखालची झाकणी अरुंद आहे. मादीची रुंद असते म्हणतात. पण ते सुधारलेल्या खेकड्यांत. आदिम मादीने अंडी सांभाळायची अक्कल नंतर मिळवली असणार, झाकणी तेव्हा रुंद झाली असणार. झाकणीखाली काड्यांसारख्या दोन जोड्या. या नक्की झिंग्यासारख्या लांब शेपटीच्या पूर्वजांच्या पायांचे अवशेष!

प्रत्येक अडचण माझ्याच बाजूची निघते. खऱ्या शोधाची ही खूण असते.

९ जुलै

नामकरण. सह्याद्री या शब्दावरून प्रजाती, आणि जातीचं नाव रोहिदासी. पण नियम चाळले तर नवीनच त्रास. स्वतःचं नाव स्वतः द्यायला थेट बंदी नाही, पण लोक हसतात. हसणारे कोण? धनेशसारखे.

उपाय सापडला. प्रमिलेला सहलेखिका करायचं आणि नाव तिने सुचवायचं. तिला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, मग प्रमिली का नको, चिंबोऱ्या मी आणल्या. मी म्हटलं, न्यूटनच्या डोक्यावर सफरचंद पडलं, झाडाचं नाव लावलं का कोणी? म्हणाली, नाव लावायचं ते लाव, पण या खेपेला नवीन बरणी आण, लॅबची म्हणतोस ती लोणच्याची माझी.

माझ्या घरात शास्त्राची ही किंमत.

१४ जुलै

धनेशला ईमेल केला. फक्त त्याला जळवायला. विषय: अठरा कोटी वर्षं. पाठीवरून काढलेला एकच फोटो.

उत्तर तासाभरात. अभिनंदन नाही, काही नाही. फोटोत साधा ओहोळातला खेकडा दिसतोय, पोटाचा फोटो पाठव, झाकणी उघडून. वा! म्हणजे पोट पाहून रातोरात निबंध छापायचा याने. पोटाचा फोटो पाठवला, पण झाकणीवर स्केल ठेवून.

लिहितो, स्केल काढ.

काढत नाही.

१८ जुलै

स्वतः धोंडीबाईच्या ओहोळावर. दाभोशाला जाणारी जीप अडीच तास भरेचना. माघ्या ड्रायव्हरला म्हटलं, मी संशोधनाला चाललोय. म्हणाला, मंग दोन सीट घ्या. माणसाची पातळी बघा.

ओहोळात नऊ खेकडे पाहिले. एकाचेही पाय पाठीवर नाहीत! आधी घसरलो, मग विचार केला, मग पुन्हा घसरलो. उलगडा दुसऱ्या घसरण्यात झाला. लाजाळूच्या झाडाला हात लावला की पानं मिटतात. तसंच हे. माणसाच्या नजरेसमोर हा प्राणी पाय खाली करून साधा असल्याचं सोंग घेतो. शेवाळं शिकल्याचा असा फायदा होतो, प्राणिशास्त्रवाल्याला हे कधीच सुचलं नसतं.

उजव्या अंगठ्याला चिमटा. डाव्या हाताने लिहितोय.

२२ जुलै

धोंडीबाईने जीपमधून आणखी बारा पाठवल्या. मी कॉलेजात. घरी येऊन बघतो तर बाराही परातीत, पाय पाठीवर. प्रमिलेवर ओरडलो, हात लावू नको सांगितलं होतं ना! म्हणाली, हात कुठे लावला, नुसता वाख सोडला, धोंडीबाईला परत लागतो तो. मी म्हटलं, मी शेवटच्या पायांबद्दल बोलतोय आणि तू वाखाबद्दल! तिने वाख गुंडाळून ठेवला. म्हणाली, बरं.

त्यातही दोन लहान राखाडी होत्या. गटारात.

२६ जुलै

आज खरंच चिडलो. धोंडीबाई माझ्या ओहोळातल्या चिंबोऱ्या राजरोस विकतेय आणि लोक खातायत. एकेका रश्श्यात माझ्या निबंधाचे पुरावे जातायत. सरकारकडे अर्ज केला असता, पण अर्जाला दिवाळी उजाडेल, तीही पुढची.

म्हणून स्वतःच बोर्ड केला. पत्र्याचा, चार फूट बाय अडीच. पेंटरला मजकूर दिला: खेकडे पकडण्यास सक्त मनाई. आदेशावरून. त्याने विचारलं, कुणाच्या? मी म्हटलं, नुसतं आदेशावरून लिही. लोक आदेशाला घाबरतात, कुणाचा ते विचारत नाहीत.

गाढवाने मला न विचारता खाली खेकडा काढला. लालभडक, समुद्रातला, नांग्या वर करून हसणारा. पाय? सगळे खाली!

२७ जुलै

बोर्ड ओहोळाच्या काठी रोवला. समाधान. पाठीत उसण.

३ ऑगस्ट

बारावीच्या पोरांनी व्हॉट्सॲपवर टाकलं: जव्हारच्या सरांना सापडला अठरा कोटी वर्षांचा खेकडा. खाली प्रतिक्रिया. एकाने विचारलंय, एवढा म्हातारा शिजायला किती शिट्ट्या? दुसऱ्याने, सर त्याच्या वर्गात होते का? नावं उतरवून घेतली आहेत. प्रॅक्टिकलचे मार्क माझ्या हातात असतात.

शिवाय धबधबा बघायला आलेल्या तीन गाड्या माझ्या बोर्डापाशी थांबल्या आणि खेकडा थाळी कुठे मिळते विचारू लागल्या. माघ्याने कळवलं, हसत.

प्राचार्य मात्र वाचून खूश. म्हणाले, हे छापून आलं तर जागा तुमचीच. मुदत आठवतेय ना? आठवतेय. रोज पहाटे आठवते.

१२ ऑगस्ट

धोंडीबाई स्टँडवर दिसत नाही. आली तरी उशिरा, अर्धी टोपली. प्रमिला म्हणते, बोर्ड लागल्यापासून ती त्या ओहोळावर जात नाही, जामसरच्या बाजूला चालत जाते, दोन तास जायला, दोन यायला, गुडघा सुजलाय. मी म्हटलं, म्हणजे बोर्डाचा उपयोग होतोय.

त्यावर प्रमिला बोलली नाही. जेवायला वाढलं, तेही न बोलता. आमटीत मीठ नव्हतं, ते मागायला मीच बोलायला हवं होतं. नाही बोललो.

२० ऑगस्ट

सूर्यमाळ. जातीचा विस्तार किती दूर आहे ते बघायचं होतं. धुक्यात हातभर दिसेना. रस्त्याकडेच्या झोपडीत फागू नावाच्या माणसाने कोरा चहा दिला. त्याला विचारलं, इकडच्या चिंबोऱ्यांचे पाय पाठीवर असतात का? म्हणाला, बांदल्यावर आसतात. मी म्हटलं, बांधलेल्या नव्हे, मोकळ्या. म्हणाला, मोकल्या कशाला पाठीवर घेतील, चालतील कशा?

शिक्षणाचा प्रसार इकडे अजून झालेला नाही. वर्ग तर होत नाहीतच. खेकडा एकही नाही. सर्दी.

२९ ऑगस्ट

धनेश सहा तारखेला येतोय. मी बोलावलं. असं गुपचूप नाही हरवायचं त्याला. कॉलेजच्या हॉलमध्ये, प्राचार्य, स्टाफ, पोरं, सगळ्यांसमोर. मागे बॅनर: आदिम खेकड्यांचे वर्गीकरण, एक नवा अध्याय. धोंडीबाईला साक्षीला बोलावलंय. मी विचारणार, या माद्या ना? ती हो म्हणणार. एवढंच काम.

ताजे जिवंत नमुनेही हवेत, आणि ते त्याच ओहोळातले. म्हणून धोंडीबाईला एक दिवसाची लेखी परवानगी दिली. खाली माझी सही, वर आदेशावरून. तिने कागद घडी करून पोलक्यात ठेवला. म्हणाली, पकरलं तं दाखवीन. बघा, गरीब माणसाला कायद्याची चाड आहे. माझ्या स्टाफला नाही.

५ सप्टेंबर

भाषण पाठ. मध्ये एक विनोद घातलाय, शेवटी एका मार्काचा उल्लेख.

६ सप्टेंबर

काही लिहायचं नाही.

७ सप्टेंबर

लिहितो. नाही लिहिलं तर डोकं फुटेल.

हॉल भरलेला. मी चाळीस मिनिटं बोललो. विनोदाला कोणी हसलं नाही, बाकी ठीक. धनेश पहिल्या रांगेत, केस गेलेत त्याचे, चेहरा मात्र तोच, परीक्षकासारखा. मग तो टेबलापाशी आला, बरणीतली एक काढली, उलटी केली, नखाने झाकणी उचलली आणि दोन सेकंद बघून मला हळूच म्हणाला, रोहिदास, हा नर आहे रे. नराचं भोक या साध्या खेकड्यांतही पायाशीच असतं.

हळूच म्हणायची काय गरज होती? मी माइकवर म्हटलं, मादी आहे, माझ्याकडे लेखी साक्ष आहे! आणि धोंडीबाईला उभं केलं. विचारलं, सांगा, हा खेकडा की चिंबोरी? म्हणाली, चिंबोरी. मी धनेशकडे पाहिलं. मग ती आपण होऊनच पुढे म्हणाली, गडी चिंबोरी.

पोरं हसायला लागली. मी म्हटलं, चिंबोरी म्हणजे बाई ना? म्हणाली, नाय गुरुजी, गडी आसू नाय तं बाय आसू, चिंबोरी ती चिंबोरीच. पोट बारीक तं गडी, पोट रुंद तं बाय, माझी नात पन सांगंल. आन गडीच दिलं तुमाला, बायच्या पोटात पिल्लं आसतात, त्या आमी सोडतो.

एमएस्सी आहे मी. बारावीच्या पुस्तकात आकृती आहे त्याची. मी दर वर्षी शिकवतो ती आकृती!

तरी मी खचलो नाही. म्हटलं, ठीक आहे, नर तर नर, पण पाठीवरच्या पायांचं काय? तेवढ्यात धोंडीबाईने टोपलीतली ताजी बाहेर काढली. शेवटचे दोन पाय पाठीवर आणि त्यांच्यावरून वाखाच्या दोन घट्ट गाठी. म्हणाली, आशी बांदली नाय तं टोपलीतून पलून जातात. माझी आय पन आशीच बांदं. अर्धा दिवस बांदली का पाय तसंच राहतात.

पाचव्या रांगेत प्रमिला बसली होती. मी तिच्याकडे पाहिलं. तिने खांदे उडवले. नंतर म्हणते, दोनदा सांगितलं होतं. सांगितलं होतं म्हणे! हे काय सांगणं झालं? ओट्याशी उभं राहून वाख वाख म्हणणं म्हणजे सांगणं?

फागूने पण सांगितलं होतं.

पुढचं लिहायचं म्हणून पाणी पिऊन आलो.

लोक उठायला लागले होते. धनेश टोपलीत वाकून बघत होता. तळाशी ती लहान राखाडी होती, चपटी, न बांधलेली. त्याने ती तळहातावर घेतली. भिंग काढलं. झाकणी बघितली, गाल बघितले, पुन्हा झाकणी. मग धोंडीबाईसमोर जमिनीवरच मांडी घालून बसला. पुण्याचा तज्ज्ञ. विचारलं, आई, ही कोणती? म्हणाली, ती धुरकी. कुठे असते? त्याच ओहोलात, दुसरीकडं नाय. गुरुजींना मी दोन-तीनदा दिली.

धनेशने मला विचारलं, त्या कुठे आहेत?

गटार असं मला म्हणवेना. म्हटलं, निसर्गात परत सोडल्या.

त्याने मग धोंडीबाईला म्हटलं, उद्या ओहोळ दाखवाल का? ती म्हणाली, दावीन, पन परवानगी एकाच दिसाची होती. आणि पोलक्यातून माझा कागद काढून त्याच्या हातात दिला. म्हणाली, तिथं सरकारचा बोर्ड आहं, दीड महिना झाला, आमी कोनी जात नाय. धनेशने कागद वाचला. खालची सही वाचली. वर बघितलं. हॉलमधल्या एकूणएक माणसाने माझ्याकडे बघितलं.

ती बाई दीड महिना सुजल्या गुडघ्याने जामसरच्या बाजूला चालत होती, माझ्या पत्र्याला सरकार समजून. हे मला माहीत होतं. बारा ऑगस्टची नोंद आत्ता मागे जाऊन वाचली. उपयोग होतोय, असं लिहिलंय मी. माझंच अक्षर आहे.

९ सप्टेंबर

बोर्ड काढायला जायचं. आज स्टाफ मीटिंग. उद्या.

धनेश आणि धोंडीबाई परवा दिवसभर ओहोळात. टेपने मापं घेतली म्हणे. मला बोलावलं होतं. गेलो नाही, सर्दी आहे.

१५ सप्टेंबर

बोर्ड काढायला जीप मिळाली नाही. खरं तर एक मिळत होती, पण माघ्याची होती.

प्रमिला बोलतेय, पण कामापुरतं.

२८ सप्टेंबर

पाऊस. पाठ. बोर्ड पुढच्या आठवड्यात नक्की. आणि धोंडीबाईला आता माहीत आहे की तो सरकारचा नाही, मग ती जाऊ शकते की. जात नसेल तर माझा काय दोष? आहे दोष. पण पाठ खरंच दुखते.

११ ऑक्टोबर

जागेची जाहिरात आली. बाहेरच्या उमेदवारांसाठी. प्राचार्य या वेळी संशोधनाचं काहीच बोलले नाहीत, नुसतं पाठीवर थोपटलं. ते विचारायचे तेच बरं होतं.

अकरावीचं प्रॅक्टिकल घेतलं. कांदा.

२४ ऑक्टोबर

धनेशच्या निबंधाचा कच्चा मसुदा ईमेलने आला. नवी जात. आदिम वगैरे काही नाही, गोड्या पाण्यातल्याच नेहमीच्या कुळातली, पण गालांची ठेवण वेगळी, जगात दुसरीकडे नोंद नाही. नाव धोंडीबाईवरून. तळटीपेत स्थानिक नाव: धुरकी. आभारात धोंडीबाई, मग प्रमिला, ‘बांधणीच्या वाखाबद्दलच्या अचूक निरीक्षणासाठी’.

माझं नाव शोधलं. वरून खाली, खालून वर. नाही. ती जात माझ्या परातीत दोन वेळा आली होती आणि माझं नाव कुठेही नाही. फोनमध्ये शब्द शोधायचं बटण असतं, तेही दाबलं. निकाल शून्य.

मग नमुना सापडल्याची जागा वाचली. तिथे लिहिलंय: दाभोशाच्या अलीकडचा ओहोळ, ‘खेकडे पकडण्यास सक्त मनाई’ या बोर्डापासून वरच्या अंगाला चाळीस मीटर.

एकवीस वर्षांच्या नोकरीत विज्ञानाला मी दिलेलं एवढंच. एक पत्रा. रडू आलं, ते लिहायला हरकत नाही, ही वही कोणी वाचत नाही.

२५ ऑक्टोबर

आज गेलोच. चालत गेलो, दाभोशाच्या फाट्यापासून. बोर्ड काढायला पहार घेतली होती, पण काठावर उभा राहिलो आणि वाटलं, आता कशाला काढा? आता तो जगाच्या नकाशावर आहे. एक कोपरा वाकलाय तेवढा सरळ करावा, रंगाचा एक हात मारावा.

बोर्डच नव्हता! दोन खड्डे, त्यात पाणी.

डोक्यात तिडीक गेली. माझा बोर्ड! निबंधात आहे तो! सापडू दे चोर. शिव्या देत परत स्टँडवर आलो, सगळ्या, आठवतील तेवढ्या.

धोंडीबाई जागेवर बसली होती. टोपली काठोकाठ भरलेली, आणि टोपलीवर झाकण म्हणून माझा बोर्ड. लाल खेकडा वरच्या अंगाला, हसतोय. खेकडे पकडण्यास सक्त मनाई. भोवती सात-आठ गिऱ्हाइकं.

मी ओरडायला तोंड उघडलं. ती म्हणाली, या गुरुजी. झाकन चांगला आहं तुमचा. लोक लांबून बघून येतात. मोकलाच पडला होता, म्हटला गुरुजी काय न्यायला येत नाय. गुडघा कसा आहे विचारलं. म्हणाली, आता जवलच जाते ना, बरा आहं.

मग विचारलं, देऊ का? गडीच आहं सगलं.

चार घेतल्या. तिने बोर्ड बाजूला सरकवला, एकेकीचे शेवटचे दोन पाय पाठीवर घेतले आणि वाखाने बांधून दिल्या. फार भराभर. मी बघत होतो तरी गाठ कशी मारते ते कळलं नाही.

घरी प्रमिलेला म्हटलं, आज वाख मी सोडतो. तीन वेळा चिमटा बसला. चौथ्या वेळी ती येऊन शेजारी उभी राहिली, हसली नाही. वाख धुऊन खिडकीत वाळत घातलाय. धोंडीबाईला परत द्यायचा आहे.